मोडू नये

—हात लावू नकोस त्या गॅलीला! भंगारवाला दारात उभा आहे तर राहू दे उभा. तुझं ऐकून छापखाना बंद केला, अक्षरांचे खिळे पेट्यांसकट दिले, ट्रेडल मशीन दिलं, पण ही एक गॅली जायची नाही. चिठ्ठी वाच ना, काय लिहिलंय? 'मोडू नये'. माझंच अक्षर आहे ते. जुळवलेला मजकूर या तबकात सुतळीने बांधून ठेवला आणि वर ही चिठ्ठी लावली, म्हणजे काम रद्द झालेलं नाही, पुन्हा लागेल, तोवर खिळे सुटे करायचे नाहीत—चाळीस वर्षं खिळे जुळवले मी, मला शिकवतेस? हो, माहीत आहे कुणाची पत्रिका ती. तुझ्याच लग्नाची. तारखेची जागा अजून मोकळी आहे, बघ, बोट जातं आत.

एकोणीस वर्षं झाली तर झाली! काम थांबलं म्हणजे मेलं, असं कोण म्हणालं? तू कॉलेजात गेलीस, मी शाळेची पायरी चढले नाही, पण सहा भाषांचे फॉर्म या हातांनी जुळवले आणि जुळवता जुळवता शिकले. न ठरलेल्या गोष्टीला प्रत्येक भाषेत जागा आहे. आपण तिला टांगून ठेवतो, नाहीतर भिजत घालतो—आपलं घोंगडं कधी वाळलंय? कोर्टात ती तहकूब. कचेरीत विचाराधीन, म्हणजे विचार सोडून बाकी सगळं चालू. बंदरावरची माणसं म्हणायची, काम झोपलंय. किती छान, नाही? झोपलंय म्हणजे उठेल. आणि तुझा शब्द कुठला? 'बघू'! तो घड्याळवाला, भला माणूस, तीन वर्षं विचारतोय, आणि तू आपली—बघू. काय बघणार आहेस? चाळिशी लागली तुला, आता जवळचंही दिसत नाही!

काय म्हणालीस? परत म्हण. एकाने रद्द केलं तेवढं पुरे, आता दुसऱ्याची भीती वाटते? अगं, हे तीन वर्षं पोटात ठेवून होतीस? मला वाटलं तुला तो आवडत नाही—त्याच्या कानात ते केस—मला काय माहीत! नाही, जाऊ नकोस. बस. भंगारवाल्याला म्हणावं, पुढच्या गल्लीत फिरून ये.

तुझा तो नकाशे काढणारा वाईट नव्हता. हो, आता म्हणतेय. तुझे बाबा हॉस्पिटलात होते, लग्न पुढे ढकलायचं ठरलं, तो आपल्या गावी गेला होता आणि त्याच्या माणसांना त्यांच्या भाषेत कळवायचं होतं. तू म्हणालीस, आई, त्याला टपालाने प्रूफ पाठव, मग छाप. मी काय म्हटलं? माझं प्रूफ तपासणारा अजून जन्माला यायचाय. ऐकतेयस ना? त्यांच्यात एकच शब्द आहे, 'उचललं'. शेवटच्या अक्षराची शेपटी डावीकडे वळली तर उचलून ठेवलं. उजवीकडे वळली तर उचलून टाकलं. एवढाच फरक, बाई, एका शेपटीचा! मी शब्दकोशात नीट बघितलं, डावी शेपटी. आणि पेटीतून खिळा काढला तोही डाव्या शेपटीचा. खिळा उलटा असतो ना? सगळी अक्षरं आरशातल्यासारखी उलटी, कागदावर सुलटी होतात—पहिल्या दिवशी शिकवतात हे. आपली अक्षरं मी झोपेतही उलटी ओळखते. त्यांची नाही ओळखता आली, कागदावर शेपटी उजवीकडे उमटली. साठ कार्डं छापली आणि त्याच संध्याकाळी टपालात टाकली, किती तत्परता!

त्यातलं एक त्याच्याकडून परत आलं. तू धावत आलीस, मी मशीनपाशी होते. मी वाचून सांगितलं, 'रद्द' म्हणतोय. कार्ड तुझ्या हातात दिलं नाही, आठवतं? शाईचे हात आहेत म्हटलं. रात्री शब्दकोश उघडला तेव्हा कळलं, मग रोज वाटायचं, उद्या त्याला लिहीन, उद्या हिला सांगीन. बाबा गेले, म्हटलं दिवस सरू देत. मग म्हटलं, ही आता सावरली आहे. तू काही सावरली नव्हतीस, होय ना? मी माझंही तहकूबच ठेवलं.

उचल ती गॅली. उचल म्हणते ना, जड नाही. खाली बघ. घे ते कार्ड, हात स्वच्छ आहेत आज. तुला वाचता येणार नाही, पण बघता तर येतं—शब्द छापील आहे ना? त्याच्या हातचा नाही ना? तो शब्द माझा होता, पोरी. त्याने पेनाने फक्त पुढे प्रश्नचिन्ह काढून पाठवलं होतं.