पहिली बल्ली

बस म्हटलं ना वाल्मीक, खांब झालास का! चहा नको? नको तर राहू दे. पण आधी हा कागद वाच — वाचता येतं ना, का तेही मीच शिकवू? चारच ओळी आहेत. 'सेंट्रिंग काढायचा निर्णय माझा, मालकांना विचारलं नव्हतं.' खाली तुझी सही. बस्स. स्लॅब पडला तो पडला, भिकन गेला तो गेला, तो काय आता परत येणार आहे? उद्या साहेब येतोय चौकशीला, त्याच्या हातात हा कागद ठेवला की विषय मिटला. तुला काय फाशी होत नाय. कोर्टात चार चकरा होतील, वकील मी देतो. तोंड असं का केलंस? बारा वर्षं आहेस या कारभारी आण्णाकडं. सिन्नरहून आलास तेव्हा थापी धरता येत नव्हती, आज ब्याऐंशी साली सगळं नाशिक तुला मिस्त्री म्हणतं — कुणी केला मिस्त्री? मीच ना?

आणि खोटं काय आहे त्यात, सांग! मी कधी म्हणालो, काढ म्हणून? आठव, नीट आठव. बुधवारी स्लॅब भरला — नारळ मी फोडला, जिलबी मी वाटली. पुढच्या बुधवारी संध्याकाळी मी काय म्हणालो? म्हणालो, सातपूरच्या कामाला टेकूच्या बल्ल्या कमी पडतायत, तिकडं सगळं अडलंय, बघ बुवा तुझ्या पद्धतीनं. एवढंच! आता त्याचा अर्थ तू असा घेतलास, की दुसऱ्या दिवशी सकाळी उठून स्लॅबखालचे टेकू ठोकून काढायचे, तर तो माझा गुन्हा? एकवीस दिवस ठेवायचे असतात हे तुला माहीत नाय? हां, याआधी काढलेत आपण लवकर, मान्य — त्र्यंबकच्या त्या धर्मशाळेचे तर दहाव्याच दिवशी काढले — पडलं काही तेव्हा? नाय ना पडलं! तेव्हा 'आण्णा, काम झटक्यात झालं' म्हणून तूच दात काढत होतास. सवयी तुमच्या बिघडलेल्या, आणि नाव मालकाचं. कुणाकडं बघून बिघडल्या, असंच म्हणायचंय ना तुला? म्हण, म्हण.

काय? मोठ्यानं बोल. 'तुम्ही खाली उभे नव्हता'? हां, आता बोललास! म्हणजे चार दिवस तिकडं झोपडीत बसून हेच चघळताय सगळे. अरे, ती काय कायद्यात लिहिलेली गोष्ट आहे? माझी रीत होती ती. मी बिगारी होतो तेव्हा आमचा मिस्त्री करायचा तसं — पहिली बल्ली निघताना आपण स्वतः स्लॅबखाली जाऊन उभं राहायचं, म्हणजे माणसांचे हात कापत नाहीत. अठरा वर्षं उभा राहिलो मी. पान खात उभा राहिलो, मान वर करून बघितलंसुद्धा नाय. त्यात एक दिवस नव्हतो. एक दिवस! मी नाय हे दिसत होतं ना तुम्हाला? मग हातोडा घातलाच कशाला?

जीप! म्हणे फाटकात आण्णाची जीप दिसली. जीप दिसली म्हणजे आण्णा आला? शेंबडी पोरं आहात का रे तुम्ही? आण्णा मागं पाण्याच्या टाकीकडं गेला असेल, येईलच — असं तुमचं तुम्हीच ठरवलंत. आणि तो भिकन, मोठा शहाणा, म्हणे आण्णा येईपर्यंत त्यांच्या जागी मी उभा राहतो, लावा हातोडा. कुणी सांगितलं होतं त्याला? सात वर्षं हरसूलहून येत होता, कधी उलटा शब्द नाय, कधी खाडा नाय. लय चांगला माणूस होता रे. मला काय वाईट वाटत नाय का? काल त्याची बायको, ती चिमणाबाई, दुपारभर या खोलीसमोर बसून होती. रडली नाय, भांडली नाय, एकच विचारत होती — आण्णा, तुम्ही कुठं होता? आता तिला काय सांगू? सातपूरला होतो. बसनं गेलो होतो.

हो, बसनं! मालकानं बसनं जाऊ नये असं आहे का कुठं? जीप इकडं पाठवली होती ना ड्रायव्हरबरोबर, बल्ल्या न्यायला. त्यात हसण्यासारखं काय आहे? मावतात. दहा-दहा फुटी असल्या म्हणून काय झालं, वर टपाला बांधल्या तर चार-पाच — ट्रक नव्हता मिळाला त्या दिवशी. असं बघू नको माझ्याकडं, मावतात म्हटलं ना! बरं, नाय मावत. नाय मावत, झालं समाधान? तुम्ही लोक मी, नायतर निदान माझी जीप दिसल्याशिवाय पहिल्या बल्लीला हात लावत नाय, आणि तिकडं सातपूरचा शेठ रोज माझ्या नावानं शिमगा करतोय — मी काय करायला पाहिजे होतं?

उभं राहायला पाहिजे होतं? मी? त्या स्लॅबखाली? अरे आठ दिवस नुसते झालेले, त्यात वरून झड लागलेली, आणि सिमेंट त्यात किती पडलंय ते तुला नाय, मला माहीत आहे — मी उभा राहिलो असतो तर काल तिच्यासारखी माझी चंद्रभागा बसली असती कुणाच्यातरी दारात —

काय बघतोस? काही नाय म्हणालो मी. रागात माणूस काहीही बोलतो. कागद ठेव तिथं. नाय, इकडं दे, फाडू नको — फाडलास? बरं केलंस. ऊठ. ऊठ म्हणतो ना! चालता हो इथून, आणि दार — दार उघडंच होतं का रे एवढा वेळ? बाहेर कोण कोण बसलंय?