माजी मंत्र्याचा पासपोर्ट

(मस्कत, २०१३. हमरियातल्या सिराजच्या दुकानामागची खोली. वरच्या मजल्यावर त्याची थोरली बहीण अमीरुन्निसा आणि तिचे मादागास्करी पती राहतात.)

सिराज : नाय देणार, आपा. भाऊजींचा पासपोर्ट गल्ल्यात आहे नि तिथंच राहील.

अमीरुन्निसा : दुकानातल्या कामगारांचे ठेवतोस, तसा मंत्र्याचाही ठेवलास?

सिराज : माजी मंत्री. चार वर्षं झाली सरकार उलथून. तिकडं उतरले की विमानतळावरच धरतील. खलास.

अमीरुन्निसा : पक्षाचा फोन आलाय. निवडणुकीला उभे राहा म्हणतात.

सिराज : आणि तुझा भरवसा आहे? याच पक्षवाल्यांनी त्यांचं नाव पोलिसांना दिलं ना?

अमीरुन्निसा : दिलं. त्यांनाही ठाऊक आहे. निवडणूक लोकांना सांगायला रे. डॉक्टरांनी काल हात टेकले.

सिराज : या अल्ला. मग तर इथंच राहू देत. आपली माणसं आहेत, कबरस्तान आहे. निकाहाला कलमा पढलेत ते.

अमीरुन्निसा : पढले, माझ्यासाठी. पण त्यांच्या गावची रीत वेगळी. सगळ्या घराण्याची एकच कबर. काही वर्षांनी मेलेल्यांना बाहेर काढतात, नव्या रेशमात गुंडाळतात, खांद्यावर घेऊन नाचतात. यांच्या आईला बाहेर काढलं तेव्हा हे तुरुंगात. वडिलांच्या वेळी मंत्री, तर सवड नाही. शाळामास्तर होते तेच बरं होतं. विद्यार्थ्यांच्या आंदोलनात एक भाषण केलं, आणि सगळं आयुष्य त्या भाषणामागं फरफटत गेलं. आता म्हणतात, जिवंत माणसांनी एकदा कोंडलं, एकदा हाकललं, मेलेली तरी आत घेतील.

सिराज : आणि गावापर्यंत पोचलेच नाहीत तर?

अमीरुन्निसा : तुरुंगात मेले तरी भाऊबंद मय्यत गावी नेतील. इथून कोण नेणार? मी पाया पडू का तुझ्या?

सिराज : असं बोलू नको, आपा. घे. हा त्यांचा. हा तुझा.

अमीरुन्निसा : माझा राहू दे.

सिराज : म्हणजे?

अमीरुन्निसा : मागल्या वेळी ते आत होते, तेव्हा रोज तुरुंगाच्या दारात डबा घेऊन उभी राहायचे. पहारेकरी कधी घ्यायचे, कधी ओतून द्यायचे. आता माझ्यानं नाही होणार रे.

सिराज : भाऊजींना सांगितलंस?

अमीरुन्निसा : कसं सांगू? वर ते बॅगेत माझेही कपडे भरतायत.