गणितात ब्याण्णव

गोरेगावच्या एसटी स्टँडवर बिसेनबाबू पेपर वाचत होते. शेजारी लीलाबाई आणि नववीतली रुचिता प्रगतिपुस्तक उघडून बसल्या, तेव्हापासून त्यांच्या पेपरचं पान काही उलटलं नाही.

"गणितात ब्याण्णव. आन मास्तरानं पुढं काय लिवलं?"

"सरप्रायझिंग."

"म्हंजे?"

"नवल वाटण्यासारखं. कौतुकच हाये, आई."

"नवल कायले? सालभर पहाटे उठून अभ्यास करून राहिली होती तू."

"जाऊ दे ना वं."

"पाटलाच्या विक्कीले किती?"

"तेवढेच."

"त्याले काय लिवलं?"

"गुड."

"त्याचं नाही वाटलं नवल?"

रुचिता प्रगतिपुस्तक मिटायला लागली.

"हे खाली कोरं कायले सोडलं?"

"पालकांचा अभिप्राय हाये तो. तिथं कोणी लिवत नाही, नुसती सही करते."

"आपण लिवू. भाऊ, पेन हाये का तुमच्यापाशी?"

बिसेनबाबूंनी खिशातलं पेन काढून दिलं.

"हं, लिव. मास्तर गणित चांगलं शिकवते."

"एवढंच?"

"आन त्याच्यापुढं तो शब्द लिव. सरप्रायझिंग."

"आई, मास्तर रागावतील ना."

"कायले रागावतील? कौतुकच हाये. अन् रागावलेच तं मले बलाव, अर्थ मी सांगीन. आण इकडं, सही करू दे."

बिसेनबाबूंची आमगावची गाडी लागली, भरली आणि निघून गेली. लीलाबाई सही सावकाश करत होत्या, आणि पेन परत मागायची बिसेनबाबूंना काही घाई नव्हती.