सुलभाआत्याची होडी आणि पुळणीवरचा गिऱ्हा

हे मी सांगायचं नव्हतं. "वैजू, कुणाला बोलायचं नाही," अशी सुलभाआत्यानं गळ्याची शपथ घातली होती. पण दिवे गेलेत, आत्या खाली धक्क्यावर होडी उपसतेय, आणि तुम्ही सगळे खळ्यात जमलाच आहात. तर ऐका. जरा जवळ सरका. मोठ्यानं सांगितलं तर खाली आत्याला ऐकू जाईल ना!

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आत्याला खाडीपलीकडच्या देवघळीत बालवाडीची नोकरी लागली. तरीवाले दाजी तांडेल मनाला येईल तेव्हा माणसं नेणार. म्हणून आत्यानं स्वतःची होडी बांधायला घेतली. एकटीनं! तोवर तिनं साधा पाटही ठोकला नव्हता. दोनदा फळी उलटी बसली. अंगठा वांग्याएवढा सुजला.

दाजी रोज येऊन बघत. "सुलभे, होडी करतेस की परात?"

"तुम्हीच बसा आधी परातीत, दाजी."

"सोमवारी सकाळी पलीकडे पोचलीस, तर मी स्वतः नारळ फोडीन. नाही पोचलीस, तर फळ्या माझ्या चुलीत. कबूल?"

"कबूल!"

फटींत राळेत भिजवलेला कापूस ठोकला. रविवारी होडीच्या काठाला तेल चोपडलं. आणि अंधार पडल्यावर गुपचूप होडी लोटली. बुडाली तर निदान कोणी हसायला नको, म्हणून!

आता नीट ऐका. खाडीच्या मधल्या वाळूच्या पुळणीपाशी गिऱ्हा राहतो. बुडून मेलेल्या माणसाचं भूत.

आत्या तिथवर पोचली आणि होडीत पाणी शिरायला लागलं. फटीफटीतून! ती करवंटीनं उपसतेय, वल्हवतेय, पुन्हा उपसतेय. तेवढ्यात पाण्यातून आवाज आला.

"ताई, पाणी गुडघाभरच आहे. उतर की."

आत्यानं वल्हं सरळ खाली सोडलं. तळच लागेना!

मग देवघळीच्या धक्क्यावरचा दिवा दिसला. ती तिकडे वळली. दिवा डावीकडे सरकला! ती डावीकडे, तर दिवा उजवीकडे. जाळ्याचा एक खांब मागे पडला. थोड्या वेळानं समोर तोच खांब. पुन्हा तोच. पुन्हा तोच! रात्रभर, अरे, रात्रभर फिरवलं मेल्यानं.

"बुडेल ती," पाण्यात कुणी हसलं. "मला घाई नाही."

आणि हात वर आला. पांढरा, गार. त्यानं काठ धरला. होडी तिरकी झाली! मी असते तर तिथंच मेले असते. आत्या काय ओरडली असेल?

"हात काढ! तेल ओलं आहे! चार दिवस घासलाय मी तो काठ!"

आणि दिली होडीतली हातोडी ठेवून! लोखंड ते, भुताला सोसतंय थोडंच! हात सुटला.

मग तिनं उपसायला करवंटी घेतली, तर उपसायला पाणीच नव्हतं. होडीत थेंब शिरत नव्हता. पूर्व उजळली होती आणि समोर देवघळीचा धक्का. खराखुरा!

तरीची पहिली फेरी घेऊन आलेले दाजी तिथंच उभे होते. वाकून त्यांनी फटी पाहिल्या.

"नवी होडी आधी रात्रभर पाण्यात ठेवायची असते. फळ्या फुगतात, फटी मिटतात. तुला मुद्दाम सांगितलं नव्हतं आम्ही. कोणी सांगितलं तुला?"

"खाडीत एक जण भेटला," आत्या म्हणाली. "रात्रभर थांबवून घेतलं त्यानं."

दाजींनी नारळ फोडला. नजर सारखी खाडीकडे, म्हणून तिसऱ्या फटक्याला फुटला! आणि आत्या ओल्या साडीनं, ताठ मानेनं बालवाडीत गेली.

तर रात्री पुळणीकडून कधी जाऊ नका. आत्या जाते, पण तुम्ही नका जाऊ. खोटं वाटतंय? काठावर बाहेरून पाच बोटांचे ठसे आहेत, तेलात वाळलेले. परवा आत्यानं पुन्हा तेल लावलं, तर आज सकाळी आणखी पाच दिसले. पण हे आतल्या बाजूनं आहेत. म्हणजे आता तो होडीत—

"वैजूऽऽ! वल्हं घेऊन ये गं! भरती लागली!"