आईचं भाताचं तोरण

आमच्या गॅलरीच्या दारावरचं भाताच्या लोंब्यांचं तोरण बघून जो तो विचारतो, ‘कुठनं विकत घेतलंस?’ अगं, विकत कुठलं! माझी आई करते. गावी, शिवथरला, भात कापायला आला की ती भरलेल्या लोंब्या निवडून आणते, वेणी घालावी तशा गुंफते आणि दारावर टांगते. आठ दिवसांत चिमण्या दाणे फस्त करतात. आई ओटीवरनं ओरडते, “मेल्यांनो, पाहुणे येईपर्यंत तरी ठेवा!” हाकलायला मात्र कधी उठत नाही.

गेल्या वर्षी मी हट्टानं एक तोरण पुण्याला आणलं. एसटीत सगळा घाट संपेपर्यंत ते मांडीवर धरून बसले होते.

परवा व्हिडिओ कॉलवर आईला दाखवलं. म्हटलं, “बघ, वर्ष झालं, एक दाणा गेला नाय!”

मला वाटलं, खूश होईल. तिनं फोन डोळ्यांजवळ नेला. मला नुसतं तिचं कपाळ दिसत होतं.

“एक पण चिमणी आली नाय गो?”

“अकराव्या मजल्यावर कुठली चिमणी, आई?”

“आन् माणसं? माणसं येतात ना?”

“येतात की. आधी फोन करून येतात.”

तिनं फोन पुन्हा लांब धरला. मग म्हणाली, “ते तोरण घेऊन घरी ये. हिथं वाट बघणारे हायत.”