धुळ्यात वाढत गेलेली किंमत

माझा स्वभाव संशयी नाही हो, पण आबांच्या रायफलीनं तो तसा केला. आबा गेल्यावर त्यांची शिकारीची जुनी विलायती रायफल परवान्यासकट रीतसर माझ्या नावावर झाली. किंमत काढावी म्हणून असोद्याहून जळगावला बंदुकीच्या दुकानात गेलो.

दुकानदार म्हणाला, "भाऊ, जुनं लोखंड आहे. पाच हजार." आणि लगेच, "अजून कोणाला दाखवली का?"

जुन्या लोखंडाची एवढी चौकशी? दुसऱ्या दिवशी थेट धुळं गाठलं. तिथल्या दुकानदारानं मी खोळ उघडायच्या आधीच विचारलं, "असोद्याचे ना तुम्ही?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"जळगावहून फोन होता. पाचच्या वर बोलू नका म्हणे."

"मग मला का सांगताय?"

"माले हवी शे ना ती! पन्नास हजार देतो."

मी अर्धी सुटलेली खोळ परत बांधायला लागलो. तो म्हणाला, "साठ." मी उठलो. "ऐंशी." मोटरसायकलला किक मारली तेव्हा तो पायरीवर येऊन "लाख" म्हणाला.

रायफल अजून विकलेली नाही. मी गल्लीच्या टोकाला जरा थांबलो असतो, तर खरी किंमत त्यानं तिथे ओरडून सांगितली असती, असं मला अजूनही वाटतं.