भाडेकरणीचा ओटा

लकडगंजातल्या टाइल्सच्या दुकानात माझ्यापुढे चंपतराव आणि प्रेमिलाबाई उभे होते. भाड्याने द्यायला म्हणून त्यांनी हिंगण्याला एक जुने घर घेतले होते, आणि आता त्याची दुरुस्ती काढली होती.

“ओट्याले काळा ग्रॅनाइट, अन वर चिमणी,” चंपतराव म्हणाले.

“भाडेकऱ्याले चिमणी काहून?”

“घर चांगलं असलं का माणूसही चांगला येते वं.”

“आपल्या घरी अठरा वर्षांपासून धूर आहे. आपण वाईट माणसं आहो काय?”

“ते आपलं घर आहे. तिथली सैपाकखोली कोण पाह्यते?”

“मी पाह्यते ना. रोज दोन टाइम.”

“तुझंही करू वं. पह्यले भाडेकरी तर येऊ दे.”

दुकानदाराने मध्येच विचारले, “ओटा किती उंच धरू, भाऊ? सैपाक करनारी बाई उंच आहे का बुटकी?”

“भाडेकरीण ठरलीच नाही गा अजून.”

“ठरली. माझ्या मापाचा धरा, भाऊ. मीच राहाले जाऊन राहिली तिथं.”

“अन मी वं?”

“तुमी घरमालक. महिन्यातून एकदा या, पाच तारखेले. अन येताना बेल वाजवा.”